तात्या कानिफाच्या बांधावर

वांबोरी, एप्रिल १९७४

ती. रंगुआक्काच्या पायांवर धाकट्या सूर्यभानचं डोकं. भिंगारला दाजींचा खोकला थांबला असेल आणि तुझा गुडघा तुला जिना चढू देत असेल, असं धरून चालतो. इकडे सर्वांच्या तब्येती उत्तम आहेत. कानिफनाथची जरा जास्तच उत्तम आहे.

कानिफनाथ म्हणजे आपला बांधाला बांध लागलेला शेजारी. (लहानपणी याला पाढे मी शिकवले.) मी चार वर्षं युरिया टाकला, तेव्हा हा पालापाचोळा अन् शेण गाडत बसला आणि मी पारावर बसून त्याला हसलो. आज माझ्या रानात नांगराचा फाळ वरच्यावर सरकतो अन् त्याच्या रानात पाय घोट्यापर्यंत जातो. तेही सोसलं असतं. पण आपले तात्या रोज भाकरी बांधून त्याच्या बांधावर जाऊन बसतात, त्याची माती मुठीत घेऊन हुंगतात. आपल्या रानात दोन वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. सख्खा बाप, आक्का. मला फार लागतं ते.

म्हणून परवा कानिफा जेवायला गेलेला बघून त्याच्या रानातली चार घमेली माती, गांडुळांसकट, आपल्या रानात आणून पसरली. मूठभर उपरण्यात बांधून तात्यांपुढे ठेवली, म्हटलं, बघा आपलं रान कसं सुधारलं. तात्यांनी हुंगली. म्हणाले, "ही कानिफाची हाय. जिथली तिथं ठिवून ये." गेलो. (निम्मी गांडुळं तोवर आपणहून परत गेली असावीत.) भरलेलं घमेलं डोक्यावर चढेना, तेव्हा हात लावायला नेमका कानिफनाथच आला. त्याने ते चढवून दिलं. वर ताक पाजलं. ताकही आपल्यापेक्षा चांगलं होतं.

तुझा,
सूर्यभान

ता. क. तात्या तुझं ऐकतात. एकदा आपल्या बांधावर बसा, असं त्यांना लिही. ते म्हणतील ते गाडायला मी तयार आहे. मी सांगितलं हे मात्र कळू देऊ नकोस.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. खतासाठी रानात बसवायची धनगराची मेंढरं दर साली पहिली कानिफाकडे जातात. यंदा त्याने आपली पाळी मला दिली. तात्या सकाळपासून आपल्या बांधावर बसून मेंढरं कुठं बसवायची ते सांगताहेत. तेव्हा वरची विनंती रद्द. मी भाकरी घेऊन गेलो. त्यांनी आपल्या रानातलं ढेकूळ फोडून हुंगलं, तेव्हा माझे डोळे भरले. म्हटलं, तात्या, आलात शेवटी.

म्हणाले, "कानिफा म्हनला जा, म्हून आलो."

रद्द केलेली विनंती पुन्हा चालू समज.