प्रीतमची करंगळी

अक्का,

सोमवारी राहिलेल्या बाळांना पोलिओचा डोस द्यायला तुझ्या दारी आले, तेव्हा तुझ्या प्रीतमच्या करंगळीवर डोस घेतल्याच्या खुणेची शाई होती. "बूथवर पाजला. आपलंच घर शे, बोट काय दखस?" म्हणालीस. मी बोट न तपासता दारावर खडूने P लिहिला. या घरात कुणी राहिलं नाही, असा त्याचा अर्थ.

आज जेवायला बसवताना त्याचे हात धुतले, तर शाई पाण्यात गेली. आमची आठ-आठ दिवस जात नाही. स्केचपेनने रंगवलंस ना?

सरळ नाही म्हणायचं होतंस. नाही म्हणणाऱ्या आईला समजवायचं, हेच तर धुळ्याला नर्सिंगमध्ये शिकतेय मी.

हे पत्र देणार नाही. निघताना P पुसून X केलाय, म्हणजे या घरातलं बाळ राहिलंय. उद्या आमच्या सुपरवायझर मॅडमसोबत येईन. बहीण म्हणून नाही, बोट बघायला.

सारिका