वळचणीचा कप

गुरुजी, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, आणि चौथीनंतर मी लिहायला बसलेच नाही. अक्षर वेडंवाकडं येणार. पण राग आलाय, आणि ज्याच्यावर काढायचा त्याच्यावर काढूनही तो उरलाय.

नातीनं गणपतीच्या कार्यक्रमाला नाटुकलं लिहिलंय. कर्जतला कॉलेजात जाते ती. नाटकातला पुढारी डोंगर विकून खातो, आणि त्याच डोंगरावर झाड लावतानाचा आपला फोटो कशेळ्याच्या नाक्यावर टांगतो. काल मंडळाचा अध्यक्ष ओटीवर येऊन बसला. "आजी, पोरीला आवर. गावातलं गावात ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, "तुझं नाव कुठं हाय त्यात?" तो म्हणतो, "नाव नाय, पर लोकांना कळतंय." "लोकांचं सोड, तुला कसं कळलं रं? झाड लावलंस ते जगलं का बघायला तरी गेलास? उद्या पहिल्या रांगेत बस नि हस." चहा न पिताच उठला.

तेव्हा तुमचं नाटुकलं आठवलं, शाळेच्या कार्यक्रमातलं. पाटील बैलाला पेढा भरवतो आणि गड्यापुढं शिळा भात टाकतो. खरा पाटील समोर बसून सगळ्यात मोठ्यानं हसत होता, शेजारच्या गावच्या पाटलाची खोड काढलीय असं समजून. मी पाटलीण झालेले. डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या बाईला पाणी द्यायचं, एवढंच काम. तालमीत मी तांब्या खांद्याइतका उंच धरला आणि तिच्या ओंजळीत धार सोडली, तांब्याला तिचा हात लागू नये म्हणून. तुम्ही तालीम थांबवलीत. "हे मी लिहिलेलं नाय. तुला कुणी शिकवलं गं?" मला वाटलं शाबासकी दिलीत. घरी जाऊन आईला फुशारकीनं सांगितलं, आणि आई चुलीकडं तोंड करून बसली.

अध्यक्ष गेल्यावर नात म्हणाली, "आजी, अजून एक पान हाय." त्या पानात एक म्हातारी आहे, तोंडानं फटकळ, अख्ख्या गावाला शहाणपण शिकवणारी. वाडीवरची बाई रानातली करटोली विकायला घेऊन तिच्या दारात येते, तेव्हा तिच्यासाठी वळचणीला खोचलेला कान तुटका कप निघतो. चहा पिऊन झाला की बाईच तो धुते आणि परत तिथंच खोचते. मी आधी हसले, गुरुजी. मग ओटीवरून मान वर केली, तर कप समोरच.

"घरातलं कशाला चव्हाट्यावर मांडतेस?" म्हणत मी ते पान फाडून घेतलं. पोरगी एवढंच म्हणाली, "अध्यक्षपण हेच बोलला." तेव्हापासून हा राग. तिच्यावरचा राग, की तुमच्यावरचा, की आईवरचा, ते काही मला सांगता यायचं नाही.

पान तांदळाच्या डब्यात दडवलंय. वळचणीचा कप मी सकाळीच उकिरड्यावर फेकला. तो गेला की पान खोटं पडेल, मग पोरीला परत द्यायला नको, असा माझा डाव. थोड्या वेळानं ती बाई टोपली घेऊन आली. मी घरातला चांगला कप काढला. ती कपाकडं बघत राहिली, मग दोन्ही हातांनी पुढं धरला. मी चहा ओतला.

कार्यक्रम संध्याकाळी आहे. हा कागदही आता त्याच डब्यात जाईल. पान बाहेर काढायचं की नाही, अजून ठरत नाही.

चहा मी उंचावरूनच ओतला, गुरुजी.