मुखवट्याचं तेज

अण्णा, तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली आणि कोपरीतल्या लोकांच्या तोंडी तुमचे डोळे अजून नव्याने जाताहेत. तुमचं भजनी मंडळ स्मरणिका काढतंय. चिटणीस दिवा स्टेशनहून आमच्याकडे डोंबिवलीला आला तो माझ्या नावाने छापायचा मजकूर तयार घेऊनच: देवीचा चांदीचा मुखवटा घासताना तेज डोळ्यांत गेलं, दृष्टी गेली आणि अभंग सुचू लागले. मी ‘तेज’ खोडून ‘काचबिंदू’ लिहिलं. तो म्हणाला, “काका, काचबिंदू कोण वाचणार?” मी म्हटलं, “नसेल छापायचं तर माझं नाव काढा. आणि मुखवटा पितळेचा आहे.”

ही गोष्ट आली कुठून, ते तुमचा मुलगा म्हणून माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. मी दहावी नापास, ठाण्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणून आपला आपण शिकलेला. तुम्हाला दिसेनासं झाल्यावर स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापत असताना मीच तुम्हाला, ज्याला आंधळा म्हणतात त्या प्राचीन ग्रीक कवीच्या दंतकथा वाचून दाखवत असे. एकीत तो एका वीराच्या थडग्यापाशी जातो, चिलखतासह दर्शन दे म्हणतो आणि त्या लखलखाटाने आंधळा होतो. “परत वाच,” तुम्ही म्हणता. मी परत वाचतो. पुढच्या गुरुवारी मंडळात तुम्ही तीच गोष्ट सांगताय, चिलखताच्या जागी देवीचा मुखवटा. घरी येताना मी म्हणालो, “अण्णा, डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंय. थेंब वेळेवर घातले नाहीत.” तुम्ही माझा खांदा सोडलात. “तुला सगळं अचूक लागतं रे. लोक विचारतात, डोळे कसे गेले. थेंब घालायला विसरलो, असं सांगू?” उरलेला रस्ता तुम्ही भिंतीला हात लावत चाललात.

हो, तसंच सांगायचं होतं. तो कवी खरंच आंधळा होता की नाही, हेसुद्धा कुणाला माहीत नाही, म्हणून लोकांनी रचलं. तुमचं मला माहीत होतं. तुमचे सगळे अभंग डोळे असतानाचे आहेत. वह्या माझ्याकडे आहेत, तुमच्याच अक्षरात, एकेक ओळ चारचारदा खोडलेली. ती मेहनत तुम्ही एका मुखवट्याच्या नावावर करून टाकलीत. मी ती तशी छापू देणार नाही, मंडळ रुसलं तरी आणि तुम्ही रागावलात तरी.

चिटणीस उद्या माझं अखेरचं उत्तर घ्यायला येतोय. हा कागद मी तुमच्या शेवटच्या वहीत ठेवतो, तो त्याला दाखवायचा नाही. कारण गेल्या महिन्यात माझ्याही डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला, डॉक्टर म्हणाले वडिलांकडूनच आलेला. थेंब मी घड्याळ लावून घालतो. पण सुनेने विचारलं, “बाबा, हे कशानं झालं?” तेव्हा मी म्हणालो, आयुष्यभर वाचून वाचून.