फळ्यावर फक्त तारीख

आबा, चौकातला फळा अजून आहे. तालमीच्या भिंतीवर तुम्ही दर दिवाळीला काळा रंग द्यायचात, तिथंच. आता त्यावर रोज कुणी लिहीत नाही. वाढदिवसाचे फ्लेक्स त्याच्यावर टांगतात आणि चार दिवसांनी उतरवतात. परवा कामावर जाताना कंपनीची बस चुकली, म्हणून त्याच्यापुढं जरा वेळ उभी राहिले. एका कोपऱ्यात अजून तुमच्या ऑइल पेंटमधल्या अक्षरांचा 'वा' दिसतो, 'वार्ताफलक'मधला. तिथं उभी असतानाच ठरवलं, की तुम्हाला जे सांगायचं राहिलंय ते आता कागदावर उतरवायचं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, अजून किती थांबू?

आधी तुम्हाला माहीत नसलेलं सांगते. तुमची ही लेक लिहिते. ब्लॉग म्हणतात त्याला. समजायला तुम्हाला फार वेळ लागणार नाही, कारण तो फळाच आहे, फक्त चौकाऐवजी लोकांच्या फोनवर असतो आणि पुसायला ओलं फडकं लागत नाही. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. आठवडाभर नट, बोल्ट आणि बेअरिंगं, आणि रविवारी आपल्या गावातल्या एखाद्या हातानं काम करणाऱ्या माणसावर एक लेख. आखाड्याची माती तयार करणारे एक मामा झाले, लग्नाच्या पंगतीला पांढरा रस्सा करणारी एक बाई झाली. माणसाकडं जायचं, दोन तास बसायचं, घरी येऊन लिहायचं, परत जाऊन त्याला वाचून दाखवायचं, आणि मगच टाकायचं. ही शिस्त कुठून आली ते तुम्हाला सांगायला नको.

ब्लॉग मला काढून दिला तो ऑफिसातल्या एका मुलीनं. वारणानगरची आहे, चुणचुणीत, तोंडाला फाटक नाही. एकदा म्हणाली, "मॅडम, आठवड्याला एक म्हंजे काय हो? तीन तरी टाका की. लोकं विसरत्यात. तुमचं न्हाय दिसलं तर दुसऱ्याचं वाचत्यात." तिचं खोटं नव्हतं. एक रविवार चुकला तर पुढच्या रविवारी वाचणारे कमी दिसायचे, आणि खरं सांगू का, मला ते लागायचं. आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय याची चटक वाईट. मग मी आठवड्याला तीन लिहायला लागले. तीन म्हटल्यावर माणसांकडं जाणं जमेना. फोनवर विचारायला लागले. फोनवर माणूस अर्धं सांगतो आणि उरलेलं आपण आपल्या मनानं भरतो.

शिंप्यांच्या कात्र्यांना धार लावणारे एक चाचा आहेत, त्यांच्यावर असंच फोनवर विचारून लिहिलं. लिहिलं काय, तर ही कला त्यांना वडिलांनी शिकवली. वाटलं, वडिलांनीच शिकवली असणार, दुसरं कोण शिकवणार? चार दिवसांनी चाचांचा फोन आला. "ताई, वालिद गेले तेव्हा मी तीन वर्षांचा. मला शिकवलं ते थोरल्या भावानं. भाऊ अजून हाय. पोरानं त्याला वाचून दाखवलं." आवाज चढला नाही त्यांचा. चढला असता तर बरं वाटलं असतं. मी पाच मिनिटांत वाक्य बदललं, पण त्या म्हाताऱ्या माणसानं ऐकायचं ते ऐकलं होतं. त्या दिवशी स्टोअरमध्ये माझं कशात लक्ष लागलं नाही.

आबा, तुम्ही फाउंड्रीत मोल्डर, ओतकामाचे साचे करणारे. सकाळच्या पाळीला जायच्या आधी, साडेपाचला, बादली आणि फडकं घेऊन चौकात. मी शाळेला जाताना फळा ओला असायचा आणि तुमची अक्षरं त्याच्यावर हळूहळू पांढरी होत जायची. पाणी किती वाजता येणार, कुणाची म्हैस चुकलीय, कोण दहावीला पहिलं आलं, कोण वारलं, रक्षाविसर्जन किती वाजता. आणि काही दिवस नुसती तारीख. वर वार, तारीख, आणि खाली सगळा फळा काळा. मला लाज वाटायची त्याची. मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या वडलांना आज सुचलं न्हाय वाटतं. मी तुम्हाला म्हटलं, एखादा सुविचार तरी लिहा. तुम्ही चहाची बशी तोंडाजवळ धरून म्हणालात, "माणूस कामावर जाता जाता फळ्याकडं मान वळवतो. ती मान फुकट वळाय नको." मला तेव्हा ते हट्टी वाटलं होतं.

मग तुमचा हात भाजला. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं माझं. उजव्या हाताला पट्टी, महिनाभर घरी, आणि फळा माझ्याकडं. मी एकही दिवस रिकामा सोडला नाही. सुविचार, कोडी, आजचा सामान्य ज्ञानाचा प्रश्न. चौकातली माणसं म्हणायची, "पोरगीनं फळा लई भारी चालवलाय." तुम्ही खाटेवरनं नुसतं हं म्हणायचात.

आणि ती म्हातारी वारली, गल्लीच्या टोकाची. तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. आदल्या संध्याकाळी मी फळ्यावर लिहिलं, उद्या सकाळी नऊ वाजता, पंचगंगेवर. म्हातारीचा धाकटा भाऊ उचगावचा. बाजारातनं सायकलवर परत जाताना तो चौकात थांबला. घरात रडारड असणार, परत घरापर्यंत जाऊन कशाला कुणाला त्रास, म्हणून फळा वाचून तसाच गेला. दुसऱ्या दिवशी बरोबर नऊला तो नदीवर पोचला. रक्षाविसर्जन आठचं होतं. जागा धुऊन माणसं निघून गेली होती.

तिथून तो सरळ चौकात आला आणि फळ्यापुढं उभा राहिला. तुम्ही पट्टी बांधलेल्या हातानं बाहेर आलात. तो एवढंच म्हणाला, "बहिणीच्या रक्षेला माझा हात लागला न्हाय, पावणं." तुम्ही त्याचे पाय धरले, आबा. सगळ्या गल्लीदेखत. मग माझ्याकडं वळलात. "घरी जाऊन विचारलंतीस?" मी म्हटलं, "व्हय. त्यांच्या सुनेनं सांगितलं, नऊ." सूनही गल्लीतल्या बायकांत उभी होती. लग्नाला वर्ष झालं नसेल. ती माझ्याकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तुमचा नियम सुरू झाला. ज्याच्या घरची बातमी, त्या घरचं माणूस फळ्यापुढं उभं करायचं, त्यानं मोठ्यानं वाचायचं, मगच खडू खाली ठेवायचा. गडबडीत नवी पोर चुकीचं बोलून गेली असंल, असं तुम्ही आईला म्हणालात. पुढं तुम्ही जाईपर्यंत फळ्यावर एकही चूक झाली नाही, आणि गल्लीत अजून तुमच्या नियमाचं नाव काढतात.

म्हणून आता मी ठरवलंय. दर रविवारी ब्लॉगवर तारीख पडणार, एकही रविवार चुकणार नाही. लेख पडेल तो माणसाकडं जाऊन, त्याला वाचून दाखवून झालेला असेल तरच. नसेल तर तारखेखाली एक ओळ, या आठवड्याचं तपासून झालेलं नाही. वारणानगरची मुलगी कपाळाला हात लावून म्हणाली, "असं कोण करतंय का, मॅडम?" मी म्हटलं, "आमच्या चौकात करत होते." गेल्या दोन रविवारी नुसतीच तारीख गेली. वाचणारे कमी झालेत. होऊ देत. चाचांकडं मात्र जाऊन आले, थोरल्या भावापुढं बसून सगळा लेख नव्यानं लिहिलेला वाचला. त्यांनी तीन ठिकाणी थांबवलं. तिन्ही ठिकाणी मी चुकले होते.

या रविवारचा लेख फळ्यावर आहे. तुमच्यावर. तुम्हाला वाचून दाखवता येत नाही, पण ही बातमी दुसऱ्याही एका घरची आहे. ती सून माझ्याच वयाची, म्हणजे आता साठीला टेकलेली. त्याच घरात राहते. तिच्या सासरी पुढं कित्येक वर्षं, काही बिघडलं की म्हणायचे, हिनंच रक्षेची वेळ चुकवली. मी ते ऐकलेलं आहे, त्यांच्या दारावरनं जाताना. ऐकून पुढं गेलेली आहे.

आबा, मी विचारायला गेलेच नव्हते. आपल्या गल्लीत रक्षाविसर्जन नेहमी नऊलाच असतं, म्हणून लिहून टाकलं, कारण मला खाली सुविचारही लिहायचा होता आणि उजेड जायला लागला होता. तिनं मला कुठलीच वेळ सांगितली नव्हती. मी तिच्या दारापर्यंतही गेले नव्हते.

गुरुवारी सुट्टी टाकलीय. लेख घेऊन तिच्या घरी जाणार आहे, हे सगळं त्यात आहे, आणि घरातली सगळी माणसं बसवून मोठ्यानं वाचणार आहे. ती म्हणाली टाक, तर टाकेन. नको म्हणाली, तर रविवारी फक्त तारीख. तारीख मी आजच लिहून ठेवलीय.