अक्षतांचे चौकोन

१८ फेब्रुवारी, कळंब

बिघडलं! आमच्या लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर उतरवली, टीव्हीला लावली. बसलेली माणसं ठणठणीत, पण कुणी हललं की अंगावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. चालणारा एक पाऊल पुढं टाकतो, अर्धं मागं घेतो. आत्या बघून म्हणाली, तुझे काका असेच चालायचे.

काम ईट गावच्या सासूबाईंचं आहे. अण्णा, म्हणजे माझे सासरे, जाऊन वर्ष होत आलं. बाईंनी जावयाकडं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं — लग्नाची कॅसेट. बायको, शामला, म्हणाली, आईनं आपल्या अक्षता बघितल्याच नाहीत. खरंच! मुलीच्या आईनं बघायच्या नसतात, म्हणून त्या बाहेर तुळशीपुढं बसून होत्या. आणि तेवीस वर्षं कॅसेट आमच्या कपाटात. वरपक्षाची मालमत्ता ना!

पेनड्राइव्ह त्यांना चालत नाही. अण्णांनी आणलेला डीव्हीडी प्लेअरच पाहिजे.

१९ फेब्रुवारी

गौरीशंकरकडं गेलो. शूटिंग त्याचंच. त्यानं दोष आधी कॅसेटवर ढकलला, मग लाइटवर, शेवटी आमच्या पत्रिकेवर.

२१ फेब्रुवारी

सापडलं! व्हिडिओचं प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येतं — आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या. मी क्रम उलटा निवडला होता. एक क्लिक, आणि वऱ्हाड सरळ चालायला लागलं. शामलाला धावत जाऊन सांगितलं. ती म्हणाली, दूध उतू गेलं बघा.

२३ फेब्रुवारी

नवीन दुखणं. ‘सावधान’ म्हणायचा अवकाश, की चित्राचे चौकोन! नवरा गायब, नवरी गायब, नुसती ठिगळं. तीन तासांचं लग्न एका डीव्हीडीत कोंबलंय. नुसत्या बसलेल्या माणसांना थोडी जागा पुरते, उडणाऱ्या तांदळाला नाही. दाणा न् दाणा वेगळा पळतो!

बाईंनी जे बघितलं नाही, नेमकं तेच फुटतंय. वाईट वाटलं. काहीतरी कापावं लागणार.

२४ फेब्रुवारी

आहेर कापला. सव्वा तास होता! एकच टोपी चार डोक्यांवर फिरलेली स्वच्छ दिसते. कुणकुण लागताच आत्याचा फोन. माझा आहेर उडवलास तर इराच्या लग्नात दमडी देणार नाही. आमची पोरगी अजून अकरावीत! म्हटलं, टॉवेलवाचून अडणार नाही आमचं. मनात म्हटलं.

२५ फेब्रुवारी

अक्षता लख्ख! मोजून घ्याव्यात. फक्त आवाज भिकार. माईक खरखरतोय, मध्येच शिट्टी, आणि कुणीतरी बेसूर मंगलाष्टक ओढतंय. असल्या चित्राला हा आवाज? शोभतच नाही. अक्षतांपुरता सगळा पुसला, सनई टाकली. आता कसं लग्न वाटतंय!

शामलाला अजून दाखवलं नाही. एकदम ईटलाच.

२७ फेब्रुवारी, ईट

भावकी जमली. जो तो आपले तेव्हाचे केस शोधत होता. अक्षता आल्या आणि सासूबाई उठल्या. अंगणात तुळशीपुढं जाऊन बसल्या, टीव्हीकडं पाठ करून. मी मागं गेलो. म्हटलं, आई, अहो हेच तर तुमच्यासाठी एवढं केलं.

“बघायचं नसतंय, जावईबापू. आवाज तेवढा मोठा करा. शेवटचं मंगलाष्टक ह्यांनी म्हणलं होतं. मी इथनंच ऐकलं होतं.”

आत सनई वाजत होती. त्यांनी ती पूर्ण ऐकली.

मला मेल्याला अंतरपाटामागं काय ऐकू आलं होतं तेव्हा!

२८ फेब्रुवारी, कळंब

कॅसेट परत उतरवायला लावली. शामला शेजारी बसलीय. आवाज खरखरतोय, खरखरू दे. अण्णा बेसूरच म्हणायचे.