तीस शेक घेतल्यानंतरची वाटणी

मी, बेबाबाई लीलाधर ढाके, वय ६३, धंदा शेती, राहणार बोदवड, जि. जळगाव, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही धाकाशिवाय हे मृत्युपत्र वकील रतिलालभाऊंकडून लिहवून घेते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. मला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला. मुलगा हितेंद्र दोन महिने "छातीत कफ आहे" असेच सांगत राहिला. सून मयुरी हिने भाकरी थापता थापता सांगून टाकले, "आई, कॅन्सर हाये. पन एकाच जागी हाये. ऑपरेशन तुमाले झेपनार नाई. शेक घेतले त बरा होऊ शकतो." माझे दीर जीवराम म्हणाले, "वयनी, या वयात जयगावच्या चकरा कायले? घरीच ऱ्हा, सेवा करू." मी म्हणाले, "सेवा नको भाऊ, मले बरं व्हायचं हाये."

२. आठवड्याला पाच, असे रेडिएशनचे तीस शेक मी जळगावच्या दवाखान्यात घेतले. मशीनच्या निशाणीसाठी छातीवर तीन ठिपके गोंदले. हात डोक्यावर धरून न हलता पडायचे. विसाव्या शेकानंतर घास उतरताना आग व्हायची. शेक बंद करते, असे मी म्हणाले. मयुरीने ताकभात कालवला. म्हणाली, "रडा, पन गाडी चुकवू नका." एकही चुकवली नाही.

३. सबब, माझ्या स्वतःच्या मालकीचे केळीचे दोन एकर शेत, विहिरीसह, एकट्या मयुरीचे. मी जळगावच्या चकरा मारत असताना जीवरामभाऊंच्या बाजूचा बांध दोन हात आत आला आहे. मोजणी आणून तो पूर्ववत करावा.

४. घर हितेंद्र व मयुरी दोघांचे. हितेंद्रने मायेपोटी लपवले; माफ केले. मात्र दवाखान्याची फाईल मयुरीकडेच राहील.

५. परसातील चूल. मी कधी विडी ओढली नाही, चाळीस वर्षे कपाशीच्या पऱ्हाटीचा धूर ओढला. तेच कारण का, हे डॉक्टर नक्की सांगत नाहीत. मी सांगते. चूल मीच फोडणार आहे. राहिलीच तर हितेंद्रने फोडावी.

तिसावा शेक गेल्या शुक्रवारी झाला. गाठ गेली की नाही, हे तीन महिन्यांनी तपासणीत कळेल. तोवर मी खाटेवर बसणार नाही. सोमवारपासून केळीच्या बागेत कामाला जाणार.

वकिलांनी "हे माझे पहिले व शेवटचे मृत्युपत्र" असे लिहिले होते. "पहिले" राहू दिले. "शेवटचे" मी खोडायला लावले. खाडाखोड माझीच, म्हणून तिथे वेगळी सही केली आहे.

बेबाबाई लीलाधर ढाके (सही)

साक्षीदार:
१. कौतिक सुकदेव फालक (सही)
२. दिपमाला अभिमन भोळे (सही)

ठिकाण: बोदवड
दिनांक: २० नोव्हेंबर २०२४