बत्तीस आरे

२ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं वाचून आई घाबरणार नाही. परवा उतारावर सायकलवरून पडले. माझं गुडघ्यावर निभावलं. पुढच्या चाकाचा मात्र इंग्रजी आठ झाला. नर्सिंगच्या पदवीत चाक बांधायला शिकवत नाहीत, तेव्हा तुमच्या सायकलच्या दुकानालाच साकडं घालते.

घाई अशासाठी, की सगळ्यात वरच्या वस्तीत एक तान्हं बाळ आहे. दोन किलोसुद्धा भरत नाही. आठवड्यातून दोनदा मी त्याला तोलते. चालत गेलं तर अख्खा दिवस मोडतो, त्यामुळे आता एकदाच जमतं. तिथे फोन लागत नाही. काही बिघडलं, तर खाली येऊन दवाखान्याची जीप पाठवणारी मीच.

मापं बिनचूक काढलीत. रिमचा व्यास, टायरची रुंदी, चाक धरणाऱ्या चिमट्यातलं अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये, दोनदा मोजून.

तुमच्या धाकाची आणि मायेची सारखीच हक्कदार,
तुमची लेक

९ फेब्रुवारी

चि. नर्सबाईंस,
अ. उ. आ.

चाक बसने रवाना केलं आहे. आरे सरळ टाकलेत, मधल्या हबपासून थेट रिमपर्यंत, उन्हाच्या किरणांसारखे. पुढच्या चाकाला तेवढे पुरतात आणि चढावर हलकं जातं. आउट असा काढलाय, की केसाइतकंही डुलत नाही. रिमच्या कडा घासून लखलखीत केल्यात, ब्रेकचे रबर घट्ट धरतील.

आई विचारते, पडल्याचं कळवायला दोन दिवस का लागले. मी म्हटलं, बाईसाहेब मापं काढत असतील.

जपून राहा, हाच आमचा हट्ट.
बाबा

१५ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

चाक इतकं देखणं, की मी ते नुसतं फिरवत बसले. चिमट्यात बसलंही अचूक. आणि मग मला रडूच आलं.

माझ्या सायकलचा ब्रेक रिमला धरतच नाही. हबला बशीएवढी पोलादी चकती असते, ती चाकाबरोबर फिरते. चिमट्याच्या खालच्या टोकाला एक छोटा जबडा आहे, तो तिला दोन्ही बाजूंनी आवळतो. तुमच्या हबला ती चकती बसवायला जागाच नाही, आणि माझ्या चिमट्याला रबराचा ब्रेक लावायची सोय नाही. सगळं मोजलं मी, पण ब्रेक धरतो कुठे, तेच लिहायचं राहिलं.

बाळाचं वजन जागच्या जागी आहे. म्हणून एकदा वाटलं, मागच्या एकट्या ब्रेकवर भागवावं. पण तो उतार मी पाहिला आहे.

मोडकं चाक पाठवते. रिम गेली असली, तरी हब आणि चकती धड आहेत.

चुकले, तरी पदरात घ्या.
तुमची लेक

२१ फेब्रुवारी

चि. नर्सबाईंस,
अ. उ. आ.

चूक निम्मी माझी. ब्रेक रिमलाच धरणार, असं मी धरून चाललो. विचारायला तोंड नव्हतं का मला?

तुझं मोडकं चाक दोन दिवस समोर टांगून ठेवलं. गिऱ्हाइकं हसली, म्हाताऱ्याला चाकाचं वेड लागलं म्हणाली. पुढचं चाक असून आरे कैचीसारखे एकमेकांवरून का टाकलेत, ते काही केल्या समजेना. शेवटी चकती हाताने गच्च धरली आणि आईला रिम फिरवायला सांगितलं. आणि पोरी, आरे ताणले गेलेले मला बोटांना कळले!

रबराचा ब्रेक रिमलाच पकडतो, पुढच्या आऱ्यांना त्याची झळ लागत नाही. इथे हब थांबतो, टायर मात्र पुढे पळू बघतो. तो सगळा ओढा आऱ्यांतून जातो. सरळ आरे रिमला थांबवणार कशाने? म्हणून तिरपे हवेत, ओढून धरणारे. चाळीस वर्षं चाकं बांधली, आणि चाक म्हणजे काय, ते या बुधवारी कळलं. आईला सांगितलं, तर तिने पुन्हा एकदा रिम फिरवून बघितली.

जुन्या हबवर नवी रिम बांधली आहे. आरे बत्तीस, सगळे कैचीत. आधी सपाटीवर दहादा ब्रेक दाबून बघ, मगच चढ.

वाट बघणारा,
बाबा

४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सपाटीवर दहा नाही, वीस वेळा दाबून पाहिला. शुक्रवारी वर गेले. बाळ गार पडलं होतं, दूध ओढत नव्हतं. त्याच्या आईला सांगितलं, त्याला उघड्या छातीशी धर, वरून पांघरूण घे, आणि मी जीप पाठवायला खाली निघाले.

शेवटच्या वळणावर दरड आली होती. ब्रेक दाबला. बाबा, हिसका नाही, किंचाळी नाही. मी, सायकल, पाठीवरचा वजनकाटा आणि तो सगळा वेग, तारेएवढ्या आऱ्यांनी पोटात घेतला. दगड हातभर पुढे होता. पाय टेकून क्षणभर नुसती चाकाकडे बघत राहिले. मग सायकल उचलून दगडांपलीकडे नेली आणि पुढे सुटले. दरडीची बातमी माझ्याकडून आधीच मिळाल्यामुळे जीप दुसऱ्या वाटेने वर गेली आणि बाळाला दवाखान्यात घेऊन आली.

बाळ परवा ऊबपेटीतून बाहेर आलं. दूध ओढतं, आणि रडतं तर असं, की वॉर्ड डोक्यावर घेतं. काल त्याची आई माझ्या सायकलजवळ आली. चाक कुणी बांधलं, विचारलं. मी सांगितलं. मग तिने विचारलं, तुझ्या बाबांनी आमचा डोंगर कधी पाहिला होता. नाही पाहिला, म्हटलं. ती खाली बसली आणि एकेका आऱ्यावरून बोट फिरवत राहिली.

तुमची लेक असल्याचं आज नव्याने कळलेली,
तुमचीच